पाहुण्यांमार्फत

शहर संपलं की लाकडाची वखार लागते, वखारीनंतर पाण्याची टाकी, आणि टाकीच्या पुढे जिथे डांबरी रस्ता कंटाळून कच्चा होतो तिथे पाच खोल्यांचं एक गेस्ट हाउस आहे. पाटी लहान आहे आणि तीही एका फांदीआड गेलेली आहे. फांदी छाटायला हवी हे घरातल्या दोघींनाही पटलेलं आहे. पण ते कोणी कोणाला सांगायचं हे ठरलं नाही, म्हणून फांदी आहे. ज्याला यायचं असतं तो विचारत विचारत येतो, बॅग खाली ठेवतो आणि म्हणतो, काय शांत जागा आहे हो!

जागा शांत आहे यात वादच नाही. ती शांत का आहे हे मात्र पाहुण्यांच्या सहसा लक्षात येत नाही. हे गेस्ट हाउस दोन जावा चालवतात, थोरली आणि धाकटी, आणि ज्या दिवसांबद्दल मी सांगतोय त्या दिवसांपर्यंत त्या दोघी नऊ वर्षं एकमेकींशी चकार शब्द बोललेल्या नव्हत्या.

थोरली त्रेसष्ट वर्षांची. ठेंगणी, गुडघ्यांनी कुरकुरणारी, हाताला चव आणि जिभेला धार असलेली. एकतीस वर्षांपूर्वी ती या घरात लग्न होऊन आली, तीन वर्षांनी धाकटी आली. दोघा भावांनी मिळून घराला वरचा मजला चढवला, खोल्यांना आकडे दिले आणि गेस्ट हाउस सुरू केलं. पंधरा वर्षांपूर्वी थोरलीचा नवरा गेला, नऊ वर्षांपूर्वी धाकटीचा. भाऊ गेले, जावा उरल्या. थोरलीकडे स्वयंपाकघर आणि नोंदवही, धाकटीकडे खोल्या, चादरी, नळ आणि बाग. अशी वाटणी आधीपासूनच होती. अबोला झाल्यावर ती फक्त पक्की झाली.

आता पाच खोल्यांचं गेस्ट हाउस न बोलता चालवायचं म्हणजे चेष्टा नाही. तीन नंबरचा नळ गळतो, दोन नंबरची बाई सूपमध्ये मिरी नको म्हणते, उद्या चार माणसं येणार आहेत. हे सगळं या कानाचं त्या कानाला कळायला हवं. त्यासाठी दोघींनी, एकमेकींशी अर्थातच काही न ठरवता, एक पद्धत काढली होती. निरोप पाहुण्यांमार्फत पाठवायचा.

"वर जाताय ना?" थोरली नाश्त्याची बशी पुढे सरकवत म्हणे. "मग जाता जाता त्यांना सांगा, उशा उन्हात टाक म्हणावं. कुबट वास मारतोय."

पाहुणा बिचारा सज्जन. तो जिन्यात धाकटीला गाठून म्हणे, "त्या म्हणत होत्या, जमलं तर उशांना थोडं ऊन दाखवलं तर बरं होईल."

धाकटी म्हणे, "त्यांना म्हणावं, नाक स्वयंपाकघरात ठेवा."

पाहुणा खाली येऊन म्हणे, "हो म्हणाल्या."

असं नऊ वर्षं चाललं. पाहुणा कितीही तिरसट असला, घरी बायकोवर खेकसणारा असला, तरी दुसऱ्याचा निरोप देताना माणूस का कोण जाणे मवाळ होतो. त्यामुळे या घरातला प्रत्येक टोमणा वाटेत धुऊन, इस्त्री करून पोचत असे. मूळ वाक्य काय होतं हे दोघींनाही चांगलं ठाऊक असे. एक तर अठ्ठावीस वर्षांची ओळख, आणि दुसरं म्हणजे जिना दहा पावलांवर होता, सगळं ऐकू यायचं. पण ऐकू आलेल्याला उत्तर द्यायचं नाही, पोचवलेल्यालाच द्यायचं, असा नियम होता. कोर्टातसुद्धा इतके नियम पाळत नसतील.

कोणीतरी म्हणेल, मग पाटी-पेन्सिल घेऊन लिहून ठेवायचं. एका शिक्षिकेने तसं सुचवून पाहिलं होतं, आणि जाताना स्वतःची पाटीही ठेवून गेली होती. दोघींनी तिचे आभार मानले. लिहिणं म्हणजे बोलणंच की, असं दोघींचंही मत होतं. पाटीवर अजून एक अक्षर पडलेलं नाही.

पाहुणे नसले की दूधवाला असे, मीटर बघणारा असे, बागेत गवत कापायला येणारा म्हातारा असे. तो म्हातारा ठार बहिरा होता. तरी त्याला समोर उभं करून थोरली बोलत असे आणि धाकटी दोरीवर कपडे टाकता टाकता ऐकत असे. नियम पाळला जाई. पण एकदा आठवडाभर घरात चिटपाखरू आलं नाही. गॅस संपत आला होता. दोघींनीही वाट पाहिली आणि मग दोघींनीही आपापलं सिलिंडर मागवलं. पुढच्या खेपेला दोघींनीही ठरवलं की आता तिला मागवू दे. त्या आठवड्यात आलेल्या जोडप्याने चार दिवस थंड पाव आणि काकडी खाल्ली आणि जाताना इथल्या साध्या आहाराची तारीफ केली.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे आणि थोरलीही ते तसंच नेत असे. लेकीला फोनवर ती हे किस्से रंगवून सांगे. पण अबोला कशावरून झाला हे तिने लेकीलाही धड सांगितलं नव्हतं.

तेव्हा असं झालं. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी धाकटा दीर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. छातीवर हात चोळत म्हणाला, "वहिनी, इथे कसंतरीच होतंय कालपासून. हिला सांगू नका, उगाच घाबरेल." थोरली कांदा चिरत होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, नाही असं नाही. म्हणाली, "पित्त असेल. थंड दूध घे." दूध तिनेच काढून दिलं. तो प्यायला आणि बरं वाटतंय म्हणून कामाला लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो पाण्याच्या पंपाशी बसल्या जागी गेला.

घर माणसांनी भरलं. लांबची एक मावशी प्रत्येकाला विचारत होती, असं अचानक कसं, असं अचानक कसं. तिने थोरलीलाही विचारलं. थोरलीला आपण दिलेलं ते थंड दूध आठवलं, आणि ती म्हणाली, "बायकोचं लक्ष असतं तर आधीच कळलं असतं."

खोलीतली सगळी माणसं धाकटीकडे बघायला लागली. धाकटीने थोरलीकडे पाहिलं. काही बोलली नाही, आणि त्यानंतर बोललीच नाही.

आपलं खापर आपण तिच्या डोक्यावर फोडलं हे थोरलीला त्याच क्षणी कळलं होतं. संध्याकाळी सांगू म्हणाली, मग माणसं गेल्यावर सांगू म्हणाली, मग महिन्याभराने जरा निवळलं की सांगू म्हणाली. नऊ वर्षं ती रोज सकाळी अंडी उकडायला ठेवताना हे एकदा मनात म्हणे आणि अंडी उकडेपर्यंत विसरल्यासारखं करी. ही गोष्ट पाहुण्यांमार्फत पाठवता येण्यासारखी नव्हती. कल्पना करा, एखादा विमा कंपनीचा माणूस जिन्यात उभा राहून सांगतोय, त्या म्हणत होत्या, तुमच्या नवऱ्याच्या मरणाबद्दल जमलं तर माफ करा.

तर या वर्षी, थंडी सरता सरता, थोरली मागच्या पायऱ्यांवरून घसरली. फार काही लागलं नाही, पण गुडघा असा काही अडकला की उठता येईना. धाकटी वर गच्चीवर चादरी वाळत घालत होती. ओल्या चादरी झटकल्याचा फटाक फटाक आवाज थोरलीला स्पष्ट येत होता. एक हाक मारली असती तर धाकटी अर्ध्या मिनिटात खाली आली असती. थोरलीने हाक मारली नाही. ती चाळीस मिनिटं त्या पायरीवर बसून राहिली, जणू ऊन खायलाच बसली आहे. मग फिरायला गेलेलं एक जोडपं परत आलं आणि त्यांनी तिला उठवून आत नेऊन बसवलं.

पडल्याचं तिला काही वाटलं नाही. या वयात माणसं पडतात. पण आपण हाक मारली नाही, हे आठवून तिला त्या संध्याकाळी दरदरून घाम फुटला. उद्या पायरीऐवजी न्हाणीघर असेल, पाहुणे नसतील, आणि तरीही आपण हाक मारणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. स्वतःच्या हट्टाची इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती.

लेक गेली चार वर्षं मागे लागली होतीच. नवं घर, स्वतंत्र खोली, खाली बाग, लिफ्ट. थोरली दर वेळी काहीतरी कारण काढून टाळायची. या वेळी लेकीने फोन केला तेव्हा ती "येते" म्हणाली. लेकीने नकाराला द्यायची उत्तरं तयार ठेवली होती.

"कायमची?" लेकीने विचारलं.

"कायमची. या रविवारी."

खरं सांगायचं तर थोरलीला जायचं नव्हतं. लिफ्टमध्ये तिला गुदमरतं, आणि जावई जेवताना बातम्या लावतो. तिला एवढंच हवं होतं की ही बातमी धाकटीपर्यंत जावी आणि तिकडून काहीतरी यावं. "नका जाऊ" आलं असतं तर उत्तमच. "जायची काही गरज नाही" चाललं असतं. "एवढा कसला माज" असं आलं असतं तरी तिने बॅग परत माळ्यावर टाकली असती. नऊ वर्षांनंतर माणूस थोडक्यात समाधान मानायला शिकतो.

त्या आठवड्यात घरात एकच पाहुणा होता, दातांचे डॉक्टर. ते वर्षातून दोनदा येत, चार नंबरची खोली घेत आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत दिवसचे दिवस बसून राहत. दिवसभर आ वासलेली तोंडं बघणाऱ्या माणसाला, जिथे कोणी तोंड उघडत नाही अशी जागा का आवडावी हे समजण्यासारखं आहे. स्वभावाने अतिशय भला माणूस. पण त्यांना धंद्याची एक खोड लागली होती. सुई टोचताना "मुंगी चावल्यासारखं वाटेल", दाढ उपटताना "नुसतं हलवून बघतो", आणि रक्ताची धार लागली की "छान, छान, झालंच". बत्तीस वर्षं त्यांनी कोणालाही काहीही दुखणार आहे असं सांगितलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी थोरलीने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. एरवी ती बसत नसे.

"डॉक्टर, वर एक निरोप द्यायचाय."

"द्या की."

"म्हणावं, मी रविवारी चालले. लेकीकडे. कायमची. परत यायची नाही. घर तिचं तिने सांभाळावं म्हणावं." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि काय म्हणते ते मला येऊन सांगा. जसंच्या तसं."

डॉक्टर चहा तसाच टाकून जिना चढले. धाकटी दोन नंबरच्या खोलीत गादी उलटी करत होती. गादीच्या धपाधप आवाजात तिला खालचं काही ऐकू आलेलं नव्हतं. डॉक्टर दारात उभे राहिले. त्यांनी तिचा चेहरा पाहिला, तिचे गादीखाली अडकलेले हात पाहिले, आणि बत्तीस वर्षांची सवय त्यांच्या तोंडून बोलली.

"थोरल्या बाई रविवारी लेकीकडे जाऊन येणार आहेत. थोडे दिवस. काळजी करण्यासारखं काही नाही."

डॉक्टरांनी काय केलं हे थोरलीला रविवारपर्यंत कळलं नाही. आपण उगाच का अंधारात राहायचं, म्हणून आताच सांगून टाकलं.

धाकटी म्हणाली, "बरं. सांभाळून जा म्हणावं."

डॉक्टर खाली आले आणि जसंच्या तसं सांगा असं बजावलेलं असल्यामुळे त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. "बरं म्हणाल्या. सांभाळून जा म्हणाल्या."

"बस?"

"बस. अगदी प्रेमाने म्हणाल्या," डॉक्टर म्हणाले, कारण थोरलीचा चेहरा पाहून त्यांना काहीतरी टोचल्यासारखं वाटलं असावं.

थोरली उठली आणि तिने चार दिवस पुरेल इतका कांदा चिरला. अठ्ठावीस वर्षं एकत्र राहिल्यानंतर "बरं". कायमच्या जाणाऱ्या माणसाला "सांभाळून जा". गुरुवारी डॉक्टरांनी आणखी एक निरोप आणला. तिकडे पावसाची भुरभुर असते म्हणे, तर छत्री घेऊन जा. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नुसतं घालवत नाहीये, छत्री देऊन घालवतेय! शुक्रवारी धाकटीने डॉक्टरांना विचारलं, परत कधी येणार म्हणाल्या? डॉक्टर म्हणाले, अजून नक्की ठरलेलं नाही, आणि हा प्रश्न त्यांनी खाली नेलाच नाही. शनिवारी सकाळी त्यांनी बॅग भरली. सोमवारचा दवाखाना आहे म्हणाले. बहुधा पळच काढला.

शनिवारी थोरलीने सामान बांधलं. कपडे एका बॅगेत मावले. मग तिने खोलीभर नजर फिरवली आणि कोपऱ्यातलं शिलाई मशीन न्यायचं ठरवलं. लाकडी खोक्यातलं, हाताने फिरवायचं, धोंड्यासारखं जड मशीन. लेकीच्या घरी तीन मिनिटांवर शिंप्याचं दुकान होतं, मशीनचा काही उपयोग नव्हता. पण गेस्ट हाउसचा प्रत्येक पडदा आणि प्रत्येक अभ्रा त्यावर शिवलेला होता. मागे काही ठेवायचं नाही, असा तिने रागारागाने निश्चय केला होता. मशीन खोलीच्या दारापर्यंत ओढता ओढता तिला दोनदा बसावं लागलं. दुसऱ्यांदा बसली तेव्हा ती रडली. धाकटी बागेत झाडांना पाणी घालत होती. या वेळी खिडकी बंद होती, तिला काही ऐकू गेलं नाही.

रविवारी दहा वाजता टॅक्सी आली. टॅक्सीवाला तरुणही नव्हता आणि म्हाताराही नव्हता. झोप मोडून आल्यासारखा चेहरा, तोंडात लवंग. त्याने बॅग डिकीत टाकली आणि मशीन उचलून पायऱ्यांखाली आणलं. तिथे ते खाली ठेवून त्याने कंबर सरळ केली. तेवढ्यात धाकटी व्हरांड्यात आली. हातात छत्री.

"त्यांना द्या," ती टॅक्सीवाल्याला म्हणाली. "विसरल्यात." मग तिची नजर मशीनवर गेली.

"यांना विचारा," धाकटी म्हणाली, "थोड्या दिवसांसाठी जाताना शिलाई मशीन कशाला?"

टॅक्सीवाल्याने चार हात अंतरावर उभ्या असलेल्या थोरलीकडे पाहिलं. मग धाकटीकडे पाहिलं. त्याने आजवर बऱ्याच प्रकारची माणसं वाहून नेली असावीत. तो थोरलीकडे वळून म्हणाला, "थोड्या दिवसांसाठी जाताना शिलाई मशीन कशाला, विचारतायत."

"थोड्या दिवसांसाठी कोण चाललंय? कायमची चाललेय म्हणावं. बुधवारीच कळवलंय."

"कायमची चाललेत. बुधवारीच कळवलंय म्हणतायत."

"मला डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस. काळजी करण्यासारखं काही नाही."

"त्यांना डॉक्टर म्हणाले," टॅक्सीवाल्याने सुरुवात केली, पण थोरलीला ते आधीच ऐकू आलं होतं. म्हणजे "सांभाळून जा" हे सांभाळून जा एवढंच होतं, आणि छत्री म्हणजे छत्रीच होती. चार दिवस ती ज्या माणसावर जळत होती त्या माणसाला काही माहीतच नव्हतं.

"विचारा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "कायमचं जाण्यासारखं मी काय केलं?"

"कायमचं जाण्यासारखं यांनी काय केलं?" टॅक्सीवाल्याने आवाजही तसाच चढवला. नऊ वर्षांत या घराला असा निरोप्या मिळाला नव्हता. हा माणूस काही धूत नव्हता आणि इस्त्रीही करत नव्हता.

"तिने काही केलं नाही म्हणावं. मी मागे पडले तेव्हा चाळीस मिनिटं पायरीवर बसून होते, म्हणून चाललेय."

"चाळीस मिनिटं पायरीवर बसून होत्या, म्हणून चालल्यात."

"मी वर होते! हाक मारायला काय झालं होतं?"

"हाक मारायला काय झालं होतं, विचारतायत," टॅक्सीवाला म्हणाला. "मलाही तेच विचारायचं होतं."

थोरली अगदी हळू म्हणाली, "कोणत्या तोंडाने मारणार?"

हे पोचवायचं की नाही याचा टॅक्सीवाल्याने क्षणभर विचार केला. "हे बघा," तो म्हणाला, "मला बारा वाजता दुसरी सवारी आहे. मी काच पुसून घेतो. तोवर तुमचं तुम्ही बोला." तो गाडीत जाऊन बसला, आणि काच पुसायच्या ऐवजी त्याने ती वर करून घेतली.

आता मध्ये कोणी नव्हतं. थोरलीने इकडेतिकडे पाहिलं. गवत कापणारा म्हातारासुद्धा रविवारी येत नसे.

"ऐक," थोरली म्हणाली.

धाकटी दचकली.

"त्याने मला सांगितलं होतं. छातीत दुखतंय म्हणून. तुला सांगू नका म्हणाला. मी म्हटलं पित्त आहे. दूध दिलं. आणि मग सगळ्यांसमोर तुझ्यावर ढकललं. तुझी काही चूक नव्हती. माझी होती. मला तेव्हाही माहीत होतं."

नऊ वर्षांचं ओझं होतं, पण सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही. थोरलीला याचीच फार लाज वाटली.

"मला माहीत आहे," धाकटी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुम्हाला सांगितलेलं. त्याच संध्याकाळी मी त्यांना विचारलं, छाती का चोळताय. म्हणाले, वहिनींना सांगितलंय, त्या म्हणतात पित्त आहे. मी म्हटलं, ताई म्हणतात म्हणजे पित्तच असणार." धाकटीने छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मीही दूधच दिलं."

थोरली म्हणाली, "मग त्या दिवशी तिथेच का नाही बोललीस? सगळ्यांसमोर? तू एक वाक्य बोलली असतीस तर..."

"तर सगळे तुमच्याकडे बघायला लागले असते," धाकटी म्हणाली. "माझ्याकडे बघत होते तेव्हा कसं लागतं ते मला कळत होतं ना. म्हणून नाही बोलले. आणि मग राग इतका होता, ताई, की तोंड उघडलं असतं तर पहिलं तेच बाहेर पडलं असतं. म्हणून उघडलंच नाही."

थोरली पायरीवर बसली. या वेळी गुडघ्याचा काही दोष नव्हता. नऊ वर्षं ती ज्याला शिक्षा समजत आली होती, त्यातला अर्धा भाग तिला वाचवण्यासाठी होता. ती रडली, मोठ्याने, नाक ओढत, लहान मुलासारखी. धाकटी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. जवळ घ्यावं की नाही हे तिला ठरवता येत नसावं, कारण तिने थोरलीच्या डोक्यावर छत्री उघडून धरली. ऊनही नव्हतं आणि पाऊसही नव्हता.

टॅक्सीवाल्याने काच दोन बोटं खाली केली. "निघायचं ना?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने छत्री मिटली, पायऱ्या उतरून आली आणि वाकून मशीनच्या खोक्याचं एक टोक धरलं.

"धरा," ती म्हणाली. "माझ्या एकटीच्याने उचलवणार नाही."

थोरलीने डोळे पुसले आणि दुसरं टोक धरलं. दोघी तीन पायऱ्या चढल्या. दारापाशी आल्यावर थोरली म्हणाली, "आता डावीकडे वळव. डावीकडे, नाहीतर चौकट खरवडेल."

धाकटी उजवीकडे वळली. चौकट खरवडली, मशीन दारात आडवं अडकलं, आणि दोघी दोन बाजूंना अडकून पडल्या.

"डावीकडे म्हटलं होतं ना!" थोरली ओरडली.

धाकटी मशीनच्या पलीकडून तिच्याकडे बघत उभी राहिली. हातातलं टोक तिने सोडलं नाही, वळवलंही नाही.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.